फोन फक्त रोज वापरणाऱ्यांसाठीच असतो का?

पीक पाहणीचं ॲप शेतकरी वर्षातून दोनदा उघडतो, खरिपाला एकदा आणि रब्बीला एकदा. ज्याच्याकडे ओलिताची सोय नाही तो तर एकदाच, आणि विदर्भात कोरडवाहू शेतकरीच जास्त. कापूस, सोयाबीन, तूर, जे पेरलं असेल त्याची नोंद वावरात उभं राहून फोटोसकट करायची आणि पुढच्या हंगामापर्यंत ते ॲप विसरून जायचं. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ही नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करण्याची पद्धत सुरू झाली. नोंद करायची राहिली तर सातबाऱ्यावर पीक चढत नाही, आणि सातबाऱ्यावर पीक नसलं की हमीभावाच्या खरेदीपासून नुकसानभरपाईपर्यंत जिथे जाल तिथे अडतं.

आता हेच ॲप फोनच्या बाजूने पाहा. अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे २०२० मध्ये, एक सोय आली. एखादं ॲप काही महिने उघडलं नाही, तर त्याला दिलेल्या लोकेशन, कॅमेरा वगैरे परवानग्या फोन आपणहून काढून घेतो. डिसेंबर २०२१ पासून ही सोय जुन्या फोनवरही यायला लागली. हेतू चांगला आहे. कधीतरी घेतलेलं आणि मग पडून राहिलेलं ॲप माणसाच्या नकळत त्याचा ठावठिकाणा टिपत बसू नये, हे कोणालाही पटेल. पण त्या सोयीच्या मुळाशी एक समजूत आहे : महिनोन्‌महिने उघडलं नाही ते ॲप माणसाला नको आहे. शहरात फोन हातातून न सोडणाऱ्याच्या बाबतीत ही समजूत बहुतेक वेळा खरी ठरेल. शेतीच्या बाबतीत ती साफ चुकीची आहे. जानेवारीत मिटलेलं ॲप ऑगस्टमध्ये उघडणं हे शेतकऱ्याचं दुर्लक्ष नाही, तेच त्याचं वेळापत्रक आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते मला फार महत्त्वाचं वाटतं. फोन आणि कॉम्प्युटर चालवणाऱ्या आजच्या प्रणालींची मांडणी रोज, दिवसभर स्क्रीनमध्ये राहणाऱ्या माणसासाठी केलेली आहे. जो कामापुरता फोनकडे येतो, काम झालं की खिशात टाकतो आणि पुन्हा चार महिन्यांनी त्याच कामासाठी येतो, त्याचा विचार तिथे झालेला नाही. आणि खेड्यात सरकारशी असलेला जवळपास प्रत्येक व्यवहार असा अधूनमधूनच येतो. पीएम किसानचं ई-केवायसी, महाडीबीटीवरचा अर्ज, लाडक्या बहिणीची पडताळणी, कापूस सरकारी खरेदी करणाऱ्या सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, द्यायचा तर २०२५ पासून कपास किसान ॲपवर आधी नोंदणी. यातलं एकही काम रोजचं नाही. पण ज्या दिवशी असतं त्या दिवशी ते व्हावंच लागतं.

परवानगीच्या त्या चौकटीजवळ जरा थांबू या. ॲप उघडलं की फोन विचारतो, लोकेशन वापरू द्यायचं का? ‘ॲप वापरताना’, ‘फक्त या वेळी’, ‘परवानगी देऊ नका’. बाराव्या आवृत्तीपासून त्याच चौकटीत वर आणखी एक निवड आली आहे, ‘अचूक’ की ‘अंदाजे’. अंदाजे निवडलं तर फोन ॲपला नेमकी जागा कळू देत नाही. मग शेताचा गट समोर असूनही नोंद होत नाही, कारण ॲपच्या लेखी माणूस भलतीकडेच उभा असतो. ही निवड म्हणजे दोन छोटी गोल चित्रं. त्यांतल्या कोणत्यामुळे कोणतं काम अडेल, हे तिथे लिहिलेलं नाही.

समजा शेतकऱ्याने ‘नाही’ दाबलं. का दाबलं, तेही सांगतो. ऑनलाइन फसवणुकीच्या इतक्या बातम्या गावात येतात की प्रत्येक घरात कॉलेजात जाणाऱ्या पोराने किंवा पोरीने बजावून ठेवलेलं असतं : ‘बाबा, फोननं काही इचारलं तं सरळ नाही म्हना.’ सल्ला रास्त आहे. शेतकरी योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर फाइल येते, ती उघडली की खातं रिकामं होतं, हे लोकांनी पाहिलं आहे. तर त्याने ‘नाही’ दाबलं. ॲप अडलं. त्याने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तीच चौकट आली, त्याने पुन्हा सावधपणे ‘नाही’ दाबलं. अकराव्या आवृत्तीपासून नियम असा की दोनदा नकार दिला, तर तो कायमचा नकार समजायचा. तिसऱ्यांदा चौकट येतच नाही. आता ॲप नुसतं म्हणतं की लोकेशन मिळत नाही, आणि फोन गप्प. परवानगी परत द्यायची तर सेटिंग्जमध्ये जा, तिथे ॲप्सची यादी शोधा, त्यात हे ॲप शोधा, त्यात परवानग्या, त्यात लोकेशन. सावध राहायला सांगितलेला माणूस सावध राहिला, आणि त्याची शिक्षा म्हणून त्याला पाच दारांच्या आत पाठवलं.

परवानगी विचारणं चूक आहे असं मी मुळीच म्हणत नाही. कर्ज देणाऱ्या ॲप्सनी लोकांच्या फोनमधले नंबर उचलून नातेवाइकांना धमक्या दिल्या, तो अनुभव या देशाने घेतला आहे. २०२३ मध्ये गुगलला अशा ॲप्सना कॉन्टॅक्ट आणि फोटो वाचायला बंदी घालावी लागली. पहारा हवाच. पण पहारेकरी दारावर दिसला पाहिजे, आणि आपण त्याला एकदा परत पाठवलं तर त्याला पुन्हा कुठून बोलवायचं हे माहीत असलं पाहिजे. ‘तुम्ही दोनदा नाही म्हणालात म्हणून हे ॲप चालत नाही, बदलायचं असेल तर इथे दाबा’, एवढं एक वाक्य फोनने स्वतः, ठळकपणे, मराठीत दाखवलं असतं, तर पुढची सगळी यातायात टळली असती. आज हे वाक्य दाखवायचं की नाही, हे ॲप बनवणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं आहे.

एक काळ असा होता की ‘काय करायचं ते दिसलं पाहिजे’ हे फोन-कॉम्प्युटरच्या मांडणीतलं पहिलं तत्त्व मानलं जाई. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं तेव्हा पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक बटण होतं आणि त्यावर चक्क ‘स्टार्ट’ लिहिलेलं होतं. सुरुवात कुठून करायची, तर जिथे तसं लिहिलंय तिथून. तालुक्याच्या गावी एमएस-सीआयटीच्या वर्गात बसून आमच्याकडच्या हजारो पोरापोरींनी कॉम्प्युटर शिकला तो त्या कोपऱ्यापासून. पुढे कोणी ग्रामपंचायतीत ऑपरेटर झालं, कोणी सेतू केंद्र टाकलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि ते बटणच काढून टाकलं. कोपऱ्यात माउस नेला तर काहीतरी उगवेल, ते वापरणाऱ्याने शोधून काढायचं. जगभर ओरड झाली, वर्षभरात बटण परत आलं. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं, बटण कोपऱ्यातून मध्यावर सरकलं. फाइलवर राइट क्लिक केल्यावर येणाऱ्या यादीतले कट, कॉपी, पेस्ट हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी बिनअक्षरी चिन्हं आली. जुनी पूर्ण यादी आणखी एका क्लिकमागे गेली. २०२४ च्या आवृत्तीत त्या चिन्हांखाली शब्द परत आले.

फोनचंही तेच. एके काळी खाली तीन बटणं असत : मागे, घर, उघडलेली ॲप्स. अँड्रॉइडच्या २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून बटणं जाऊन त्यांच्या जागी बोटाचे इशारे आले. कडेवरून आत सरकवलं की मागे, खालून वर ओढलं की घर, ओढून जरा थांबलं की आणखी काही. तीन बटणं अजून मिळतात, पण ती कुठे तर सेटिंग्जच्या पोटात. ॲपलने २०१३ मध्ये आयफोनवरच्या बटणांच्या कडा पुसल्या आणि नुसती अक्षरं ठेवली. डॉन नॉर्मन आणि ब्रूस टोग्नाझिनी हे दोघेही एके काळी ॲपलमध्येच काम केलेले, या विषयातले जाणते लोक. २०१५ मध्ये त्यांनी जाहीर लेख लिहून ॲपलवर टीका केली. त्यांची तक्रार अशी की पडद्यावर काय काय करता येतं हे आता दिसेनासं झालं आहे, चूक झाली तर मागे कसं फिरायचं हेही कळत नाही, आणि हे सारं देखणेपणापायी. २०२५ मध्ये ॲपलने काचेसारखा पारदर्शक पडदा आणला, मजकूर वाचवेना अशी तक्रार झाली, मग काही आठवड्यांत काच गडद करायची सोय द्यावी लागली.

या सगळ्या प्रसंगांत एक सारखेपणा आहे. आधी काढलं, ओरड झाली, परत दिलं. पण ओरड कोणाची ऐकू गेली? ज्यांचा आवाज कंपनीच्या दारापर्यंत पोहोचतो त्यांची. आमच्या वणीचा, दर्यापूरचा, कोरपन्याचा माणूस इंग्रजीत तक्रार लिहीत नाही. तो म्हणतो, ‘माह्याच्यानं होत नाही बावा’, आणि सेतू केंद्रात जाऊन पैसे देऊन काम करून घेतो. कंपनीच्या हिशेबात त्याची तक्रार नोंदलीच जात नाही. काम तर झालं ना! ते त्याने केलं की दुसऱ्याकडून करून घेतलं, हे कोण मोजतो?

डवऱ्याची मूठ कोणी दरवर्षी नव्या जागी बसवत नाही. चांगल्या हत्याराचा गुण हाच की एकदा हाताला बसलं की लक्ष पिकाकडे राहतं, हत्याराकडे जात नाही.

यात सगळ्यात जास्त कोंडी होते ती दुरून मदत करणाऱ्याची. विदर्भातल्या गावागावांत आईवडील गावी आणि मुलं पुण्याला किंवा हैदराबादला, अशी घरं आहेत. अडलं की फोन जातो मुलाला. मग जे बोलणं होतं ते साधारण असं :

‘बाबा, वरून खाली ओढा.’

‘ओढलं. मेसेजच येऊन राह्यले.’

‘उजव्या बाजूनं ओढा, डाव्या बाजूनं नाही.’

‘उजव्या बाजूनंच तं ओढून राह्यलो. इथं टॉर्च दिसते, बॅटरी दिसते. लोकेशन काही दिसून नाही राह्यलं.’

‘मंग आडवं सरकवा, दुसरं पान येईन.’

‘सरकवलं तं सारंच गेलं. आता काय करू?’

मुलगा हुशार आहे, बाप अडाणी नाही. पण मुलाच्या हातातला फोन एका कंपनीचा, बापाच्या हातातला दुसऱ्या. काही फोनवर डावीकडून ओढलं तर सूचना येतात आणि उजवीकडून ओढलं तर बटणं. काही फोनवर दोन्ही एकत्र. कुठे सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ आहे, कुठे ‘ॲप व्यवस्थापन’, कुठे ते ‘गोपनीयते’च्या आत. प्रणाली एकच, पण प्रत्येक कंपनीने तिच्यावर आपला साज चढवलेला. पूर्वी शेजाऱ्याला जे आलं ते आपल्यालाही येई, गावात एकाने शिकलं की चौघांना सांगता येई. आता शेजाऱ्याचं शिकणं आपल्या फोनवर चालत नाही. खेड्यात ज्ञान असंच तोंडोतोंडी पसरतं, आणि फोन बनवणाऱ्यांनी नेमकी तीच वाट बुजवून टाकली.

घरात स्मार्टफोन बहुधा एकच असतो, हेही विसरलं जातं. तो मोठ्या मुलाच्या चेहऱ्याने उघडतो. आईला ओटीपी पाहायचा असेल तर मुलगा घरी यावा लागतो. एका फोनवर दोन माणसांची खाती ठेवायची सोय अँड्रॉइडमध्ये आहे, पण ती सगळ्या फोनवर मिळत नाही, आणि जिथे आहे तिथे ती अशा जागी आहे की गावात कोणाला वापरताना मी पाहिलेलं नाही.

उन्हाचं वेगळं सांगायला नकोच. चंद्रपूर, अकोला, वर्धा या भागात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. उन्हात फोन तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी पडद्याचा उजेड कमी करतो, म्हणजे ज्या क्षणी उजेड जास्त हवा त्याच क्षणी तो घटतो. त्यात पांढऱ्यावर फिकट राखाडी, बारीक अक्षरं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतका फरक असावा, हा वेबसाठीचा मान्य निकष आहे. तो तरी पाळा! आणि कापूस वेचून बोटांच्या टोकांना चिरा पडलेल्या असतात, कातडी जाड आणि कोरडी झालेली असते. अशा बोटाचा स्पर्श पडदा नीट ओळखत नाही, ठसाही उमटत नाही. अशा हाताला कडेवरून हलकेच सरकवण्याचा इशारा द्यायला सांगणं, आणि ते जमलं नाही तर ‘याला फोन येत नाही’ म्हणणं, हे मला अन्यायाचं वाटतं.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं, की लोक शिकतात, नवी पिढी तर सहज शिकते. खरं आहे. नव्या मांडणीने दिलेलंही पुष्कळ आहे, ते नाकारणं खोटेपणाचं होईल. २०१७ पासून मराठीत बोलून लिहिता येऊ लागलं, आणि ज्यांना कधी मराठी कीबोर्ड जमला नाही अशा बायाही आज व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवतात. क्यूआर कोड दाखवून भाजीवाली पैसे घेते. ज्याला दिसत नाही त्याला फोन वाचून दाखवतो. या सोयी टिकल्या, कारण त्या वापरायला जुनं काही मोडावं लागलं नाही. माइकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं. शिकायला आमचे लोक कधी मागे नव्हते. बीटी कापसाचं बियाणं आलं, ठिबक आलं, सोयाबीनला रुंद वरंब्यावर पेरणारं बीबीएफ यंत्र आलं, सगळं शिकले. माणूस थकतो तो तीच गोष्ट दर दोन वर्षांनी पुन्हा शिकायला लागल्यामुळे, आणि तेही तिचा उपयोग तसूभरही वाढलेला नसताना.

ज्यांचा फोन रोजच्या कामाचा आहे त्यांचंही फार बरं नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. फोन तापत होते, अडत होते, जागा पुरत नव्हती, आणि ज्या ॲपवर बाळांची माहिती भरायची ते इंग्रजीत होतं. त्या बायांना काम नको होतं असं नाही. त्यांना चालणारं हत्यार हवं होतं.

मग ही मांडणी सेवा करते तरी कोणाची? मला वाटतं, बऱ्याच अंशी विकणाऱ्याची. नवं रूप नसेल तर नवा फोन का घ्यावा, हा प्रश्न विक्रीला परवडत नाही. २०२४ मध्ये विंडोज ११ च्या स्टार्ट मेनूमध्ये मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन दुकानातल्या ॲप्सच्या शिफारशी दिसू लागल्या. विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती बसवताना इंटरनेट आणि कंपनीचं खातं मागितलं जातं. स्वस्त फोनच्या लॉक स्क्रीनवर दर वेळी नवं चित्र, नवी बातमी, नवी जाहिरात. बटणाची कड पुसल्यामुळे जाहिरातीतलं ‘पुढे जा’ आणि सरकारी अर्जातलं ‘पुढे जा’ दिसायला सारखंच, आणि फसवणाऱ्याला याहून जास्त काय हवं? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मोफत सेवा संपली. नव्या आवृत्तीला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेले कॉम्प्युटर चालू स्थितीत असूनही जुने ठरले. असे कॉम्प्युटर खेड्यातल्या सेतू केंद्रांत आणि शाळांत पुष्कळ आहेत. नवा घ्यायचा खर्च कोणी उचलायचा, हे कोणी सांगितलेलं नाही.

कंपन्यांना सांगून हे सुधारेल अशी माझी आशा नाही. पण सरकारला सांगता येतं, कारण सरकारने हे पूर्वी केलेलं आहे. २०१६ मध्ये दूरसंचार विभागाने नियम काढला की भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये संकटकाळी दाबायचं बटण असलंच पाहिजे. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण तीनदा दाबून चालेल, असंही त्यात ठरवून दिलं. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६३३३ च्या तिसऱ्या भागाने प्रत्येक फोनवर सगळ्या २२ भारतीय भाषा वाचता आल्याच पाहिजेत हे बंधनकारक केलं. कंपन्या कुरकुरल्या असतील, पण फोन आले. म्हणजे पडद्यावर काय असावं हे ठरवण्याचा अधिकार या देशाने वापरला आहे, आणि तो वापरल्यामुळे बाजार काही कोसळला नाही.

त्याच मानकात आणखी काही कलमं घालता येतील. तीन बटणं की इशारे, हा प्रश्न फोन पहिल्यांदा चालू करतानाच मराठीत विचारला जावा. नाकारलेली परवानगी परत देण्याची वाट, ज्या ॲपचं काम अडलं त्याच ॲपमधून एका दाबात उघडावी आणि सगळ्या कंपन्यांच्या फोनवर ती एकसारखी असावी. हंगामी सरकारी ॲप्सच्या परवानग्या काढून घेण्याआधी फोनने मालकाला विचारावं. आणि ज्या ॲपवर शेतकऱ्याचा सातबारा अवलंबून आहे, ते बाहेर काढण्याआधी मे महिन्याच्या दुपारी कळंब किंवा मूलच्या एखाद्या वावरात, कापूस वेचणाऱ्या बाईच्या हातात, तिच्याच घरच्या फोनवर चालवून पाहावं. चालवताना शेजारी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने बोट लावू नये.